पांढरी तीन ते काळी चार

आमच्या बँडची जवळजवळ सगळी गाणी पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा मानून केलेली होती. गिटारवाले तिला ई म्हणतात. गिटारची सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक, अशा दोन्ही तारा मोकळ्या सोडल्या की ई वाजतो, म्हणून त्या पट्टीत गिटार भरून येते. जाड तार नुसती छेडली तरी छातीत घुमते. आमच्या गिटारिस्टला गाणं सुचायचं तेच मुळी त्या तारेवर. त्याच्या वाजवण्यावर मी शब्द लिहायचे, चाल धरायचे, आणि अशी दहा वर्षं गेली. माझ्या गळ्याची पट्टी काळी चार आहे, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मिरजेच्या आमच्या गाण्याच्या बाईंनी मी पंधरा वर्षांची असतानाच पेटीवर बोट ठेवून ते सांगितलं होतं. पण बँडमध्ये 'तुझी पट्टी कुठली' असं कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी तोंड उघडून सांगितलं नाही.

बँडमधून बाहेर पडून एकटीनं गायला लागले त्याला आता तीन वर्षं होतील. बँडमध्ये गाणाऱ्या मुली भेटल्या की विचारतात, ताई, हे जमवलं कसं? दर वेळी घाईघाईत अर्धवट उत्तर देऊन निघते. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहायला बसले.

बँड जमला २०१२ मध्ये, कॉलेजात. फिरोदिया करंडकाची तयारी चालू होती. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगते, ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे आणि तिच्यात एकाच सादरीकरणात नाट्य, संगीत, नृत्य, चित्र, शिल्प अशा जितक्या कला गुंफता येतील तितक्या गुंफायच्या असतात. आमच्या सादरीकरणात एक गाणं होतं, 'उंबऱ्याशी थांबले मी, पाय निघाले पुढे'. शब्द माझे. स्पर्धा संपली तरी कॅन्टीनमध्ये, होस्टेलवर लोक ते गाणं म्हणत राहिले, आणि त्या एका गाण्यापायी आम्ही पाच जण एकत्र राहिलो. गिटार, बास, ड्रम, कीबोर्ड आणि मी. बँडचं नाव इथे लिहीत नाही, ते नाव आता त्यांचं आहे.

त्या दिवसांवर माझा जीव आहे, हे आधी सांगते. कर्वेनगरात एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये आमची तालीम चालायची. मी ड्रमच्या पुढे चार फुटांवर उभी असायचे. किक ड्रम वाजला की त्याची हवा पोटऱ्यांना लागायची. ध्रुवपदाच्या आधी ड्रमर काठ्या वर उचलायचा, तेव्हा मागे न बघताही मला कळायचं, कारण क्षणभर ती हवा थांबायची. पाच माणसं एकाच वेळी श्वास घेतात तो क्षण ज्यानं अनुभवलाय, त्याला बँड सोडणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

पण पट्टीचं गणित सोपं आणि निर्दय आहे. काळी चारवरून खाली उतरायचं तर पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार आणि मग पांढरी तीन. माझा षड्ज जिथे सुखानं लागतो त्याच्या चार पायऱ्या खाली आमच्या गाण्यांचा षड्ज. मुखडा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात जायचा आणि बासच्या खाली दबून जायचा, समोर काही पोचायचं नाही. मग उपाय म्हणून आम्ही ध्रुवपद अख्खं सप्तक वर उचलायचो. तिथे आवाज पोचायचा, पण सगळा जोर गळ्यावर. लोकांना तेच आवडायचं. 'काय आवाज फेकते!' म्हणायचे. त्यात लहान जागेत ड्रमसेट असला की बाकीचे आपापला अ‍ॅम्प वाढवतात, आणि मॉनिटरमधून, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमधून, मला माझाच आवाज धड ऐकू यायचा नाही. गोंगाटात माणूस नकळत मोठ्यानं बोलायला लागतो ना, तशी मी दहा वर्षं नकळत मोठ्यानं गात होते.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा मिरजेला आईबाबांकडे आले आणि तिथेच दीड वर्ष राहिले. नाट्यगृहं मध्ये काही महिने उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. तेवढा सगळा काळ मी ड्रमशिवाय गायले. पहाटे गच्चीवर, फोनवरचा तंबोरा लावून, शेजारच्यांची झोपमोड होणार नाही इतक्या आवाजात. आपोआप काळी चारच लावली जायची. बाई दोन गल्ल्या पलीकडे राहतात. थोडं निवळल्यावर त्या ओसरीत आणि मी अंगणात, अशी पुन्हा शिकवणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन आलाप ऐकले आणि थांबवलं. "वरचा सा लावताना हनुवटी का उचलतेस गं? सूर काय माळ्यावर ठेवलाय?"

मला हे माहीतच नव्हतं. जुने व्हिडिओ काढून पाहिले. प्रत्येक ध्रुवपदाला मान ताणलेली, हनुवटी वर, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. शेकडो वेळा पाहिलेले व्हिडिओ, पण तोवर मी त्यात जोश बघत होते.

डिसेंबर २०२१ मध्ये एका कॉलेजच्या संमेलनात पुन्हा कार्यक्रम झाला. चौथ्या गाण्याला आवाज फाटायला लागला. सातव्याला वरचा सूर आलाच नाही, नुसती हवा आली. कीबोर्डवाल्यानं प्रसंग ओळखून माझी ओळ वाजवून टाकली. पुढे दोन हजार मुलं नाचत होती, कुणाच्या लक्षात आलं नाही. विंगेत आल्यावर मला पाणी मागतासुद्धा येईना.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर, अगदी समोरासमोर, बारीक गाठी. गाताना स्वरतंतू जिथे सगळ्यात जोरानं एकमेकांवर आपटतात नेमके तिथे घट्टे पडतात, कुदळ चालवणाऱ्याच्या तळहाताला पडतात तसे. शस्त्रक्रियेची घाई नको, आधी आवाजाची थेरपी करू, म्हणाले. सुरुवातीला मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं तंतूंवर ताण येतो. मग व्यायाम सुरू झाला. पेल्यात दोन बोटं पाणी, त्यात स्ट्रॉ, आणि स्ट्रॉमधून 'ऊ' असा सूर धरायचा. पाण्यातले बुडबुडे एकसारखे यायला हवेत. जोर लावला की ते उसळतात, कमी पडला की थांबतात. ओठांपाशी वाट अरुंद झाली की आतल्या हवेचा दाब स्वरतंतूंना आतून आधार देतो आणि ते आपटण्याऐवजी अलगद जुळतात. थेरपिस्टनं हे समजावलं तेव्हा तंबोऱ्यावर पहाटे खर्ज लावायला बाई का सांगायच्या, ते मला पहिल्यांदा उमगलं. पाच महिने मी रोज तीन वेळा पेल्यासमोर बसले. गाठी विरत गेल्या.

जून २०२२ मध्ये गॅरेजमध्ये भेटलो. मी म्हटलं, गाणी काळी चारमध्ये घेऊया. गिटारिस्टनं लगेच नाही म्हटलं नाही. चौथ्या पडद्यावर कॅपो लावला आणि 'उंबरा' वाजवून पाहिलं. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर बसवायचा चिमटा, त्यानं सगळ्या तारा एकदम वर चढतात. सूर बरोबर आले. पण जाड तारेची ती घुमण्याची ताकद गेली, गिटार पातळ वाजायला लागली. ड्रमरनं दोन आवर्तनं वाजवली आणि काठ्या मांडीवर ठेवल्या. "हे आपलं गाणं वाटत नाही गं," तो म्हणाला. खरं होतं ते. गिटारच्या बाजूनं ऐकलं तर त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्या गाण्यांचा जीव त्या तारेत होता आणि माझा जीव चार पायऱ्या वर. कुणी कुणावर चिडलं नाही, म्हणूनच जास्त लागलं. त्या रात्री गाडी कर्वे रस्त्याला बाजूला लावून मी रडले आणि दुसऱ्या दिवशी चौघांना फोन केला.

यानंतरचं काम कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. गाणी कुणाची? दहा वर्षांत आम्ही अकरा गाणी केली होती आणि एका ओळीचाही कागद नव्हता. वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीनं समजावलं की एका गाण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. शब्द ज्यानं लिहिले त्याचे. चाल ज्यानं केली त्याची. आणि ध्वनिमुद्रण हे तिसरंच, ते पैसे घालून ज्यानं करवून घेतलं त्याचं. शिवाय गाणाऱ्याचा सादरीकरणाचा हक्क वेगळा. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून सिनेमासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी हक्क दिले तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखलेला असतो. आमचा बँड त्याच वर्षी जमला आणि हे आम्हाला बाहेर पडताना कळलं.

आम्ही पाचही जण माझ्या खोलीवर बसलो. आई तेव्हा माझ्याकडे आली होती, तिनं पोहे केले. रेघांची वही, एका पानावर एक गाणं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, चालीत कुणाचा किती भाग. नऊ गाण्यांची पानं तासाभरात झाली. ध्वनिमुद्रणाचे पैसे सगळ्यांच्या सामाईक खात्यातून गेले होते, म्हणून त्यात पाच सारखे वाटे. दहाव्या गाण्यात गिटारिस्टनं वाजवलेल्या सुरावटीला चाल म्हणायचं की साथ, यावर जेवणाची वेळ टळली. शेवटी चाल धरलं, आणि मला अजूनही ते योग्य वाटतं, कारण ती सुरावट काढली तर गाणं ओळखूच येत नाही. 'उंबऱ्या'चं पान सगळ्यात शेवटी उघडलं. तिथे ठरलं की ते गाणं दोघांनीही गायचं, बँडनं त्यांच्या पट्टीत आणि मी माझ्या. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर पाच सह्या झाल्या. नंतर आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, त्याच वाट्यांनी नोंदणी केली. बँडमध्ये असणाऱ्या प्रत्येकीला माझं कळकळीचं सांगणं आहे, ही वही गाणं नवं असताना घाला. मैत्री घट्ट असते तेव्हा ती भरणं सोपं असतं.

मग मिरजेला गेले ते तंबोऱ्यासाठी. मिरजेत वाढले, पण सतारमेकर गल्लीत गिऱ्हाईक म्हणून पहिल्यांदाच पाय ठेवला. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इथे वाद्यं बनवायला लागली, आणि आजही त्यांच्याच घरांतून सतारी-तंबोरे देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. दुकानाच्या छताला भोपळे टांगलेले होते. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळवून कडक केलेले असतात आणि टिचकी मारली की लाकडासारखे बोलतात. तंबोरे बनवणाऱ्या चाचांनी पहिला प्रश्न विचारला, "बेटा, पट्टी कुठली?"

दहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "काळी चार," मी म्हटलं, आणि पुढचं काही बोलायला मला थोडा वेळ लागला.

पट्टीवरच सगळं ठरतं. दांडी किती लांब, भोपळा केवढा, तारा किती जाडीच्या. बायकांचा तंबोरा पुरुषांच्यापेक्षा लहान असतो. तयार व्हायला काही महिने लागले आणि घ्यायला गेले त्या दिवशी चाचांनी जवारी, म्हणजे तारेचा झंकार, माझ्यासमोर लावली. भोपळ्यावर जी रुंद घोडी असते तिच्यावरून तार जाते. ती तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवतात. नुसत्या डोळ्यांना दोरा जागेवरून हललासुद्धा दिसत नाही, पण तेवढ्या सरकण्यानं तार एकदम उघडते. मुकी असलेली तार झंकारायला लागते, तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, जो कुणी वाजवलेलाच नसतो. चाचा कान तारेशी नेऊन दोरा केसभर मागे घेत, केसभर पुढे नेत होते. मग एके ठिकाणी बोट उचललं आणि म्हणाले, "आता गा." मी फक्त सा लावला. हनुवटी खाली होती.

कार्यक्रम बांधायला मला पुढचे आठ महिने लागले. बँडमध्ये नव्वद मिनिटं कशी जायची कळायचं नाही. गिटार सुरात लावायला वेळ लागला तर ड्रमर काहीतरी वाजवायचा, माझा गळा दमला तर कीबोर्डचा तुकडा लांबवायचो. आता एक गळा, आणि तो सगळा वेळ ऐकणाऱ्याच्या समोर. गाण्यांचा क्रम लावताना आधी मी गाण्याच्या विषयाचा विचार करायचे. ते चुकीचं होतं. क्रम गळ्याच्या हिशेबानं लावावा लागतो. तार सप्तकातलं गाणं झालं की पुढचं मध्य सप्तकातलं, त्यानंतर बोलणं, बोलताना दोन घोट कोमट पाणी. चार गाणी तंबोऱ्यावर आणि बाकीची गिटारवर. चौथ्या पडद्यावर कॅपो लावून मी तेच ई-चे आकार वाजवते. बँडला जी पातळ वाटली ती गिटार एकट्या आवाजाखाली बरोबर बसते, कारण तिथे तिला जागा अडवायची नसते.

लूप पेडलवर बरेच दिवस घालवले. पायानं बटण दाबायचं, एक ओळ गायची, पुन्हा दाबायचं, की ती ओळ फिरत राहते आणि तिच्यावर दुसरी गाता येते. एकटीच्या आवाजाचा कोरस होतो. दुसऱ्यांदा बटण नेमकं समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर दाबावं लागतं. पुण्यातल्या एका कॅफेतल्या कार्यक्रमात माझा पाय निमिषभर उशिरा पडला. चूक एकदाच झाली, पण लूपमध्ये ती दर आठ मात्रांनी परत येत होती, चालता चालता पाय मुडपावा तशी. बँडमध्ये मी मात्रा सोडली तर ड्रमर मला सांभाळून घ्यायचा. यंत्र सांभाळून घेत नाही. मी पेडल बंद केलं, "हे पुन्हा सुरुवातीपासून म्हणते," एवढंच सांगितलं आणि नुसत्या टाळीवर गाणं म्हटलं. ते गाणं तेव्हापासून टाळीवरच म्हणते. पेडल आता दोनच गाण्यांना वापरते.

पहिली बैठक त्याआधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये कोथरूडला मैत्रिणीच्या मावशींच्या घरी झाली. सतरंजीवर तीसेक माणसं. माईक नाही. तंबोऱ्याला त्रास नको म्हणून पंखे बंद. पहिलं गाणं संपलं आणि टाळ्या पडायच्या आधी दोन क्षण काहीच झालं नाही. बँडमध्ये हे दोन क्षण कधी नसतातच, शेवटची झांज वाजत राहते. मला वाटलं, नाही आवडलं. मग टाळ्या आल्या. तिसरं गाणं 'उंबरा'. पहिल्या ओळीला पुढे बसलेल्या आजी म्हणाल्या, "परत म्हण बाळ, ती ओळ."

बँडमध्ये ओळ परत म्हणता येत नाही. सगळं आधी ठरलेलं असतं, एक ओळ वाढवली तर चौघांची मोजणी चुकते. इथे मोजणारी मीच होते. मी ती ओळ परत म्हटली, 'उंबऱ्याशी थांबले मी'नंतर खरोखर थांबले, श्वास घेतला आणि मग 'पाय निघाले पुढे'. शब्द लिहून अकरा वर्षं झाली होती आणि त्या ओळीत थांबायचं असतं हे मला तेव्हा सापडलं. आजींनी मान डोलावली. मी ती ओळ चार वेळा म्हटली, चारही वेळा वेगळी.

पैशांचं थोडक्यात सांगते. बँडचे व्यवहार ड्रमर बघायचा. आता बोलणं, ॲडव्हान्स, बिल, सगळं माझ्यावर आलं. एका आयोजकांनी फोनवर सांगितलं, "पाच जणांच्या बँडला आम्ही अमुक दिले होते, तुम्ही तर एकट्याच." मानधन पाचानं भागून त्यांनी आकडा काढला होता. पहिल्या वेळी मी गप्प बसले आणि तेवढ्यात गायले. तो कार्यक्रम करून परत येताना हिशेब केला तर प्रवास, साउंडवाला आणि तंबोऱ्यासाठी काढलेलं गाडीचं जास्तीचं सीट यातच बहुतेक पैसे संपले होते. त्यानंतर मी एक कागद तयार केला. कार्यक्रम किती मिनिटांचा, काय काय लागेल, माईक किती, गिटार साउंडच्या यंत्रणेला जोडायला डीआय बॉक्स, मॉनिटर कुठे, साउंड चेकला दीड तास, अर्धं मानधन आधी. मानधनाचा आकडा कार्यक्रमाचा, डोक्यांचा नाही. काही जण तो कागद बघून परत फोन करत नाहीत. करतात त्यांच्याकडे कार्यक्रम नीट होतो. बिलातून १० टक्के टीडीएस कापला जातो, तो आयकर खात्याच्या आपल्या नावावरच्या नोंदीत दिसतो आणि विवरणपत्र भरलं तर हिशेबात धरला जातो. पहिल्या वर्षी मी ते भरलंच नव्हतं, तशी चूक करू नका.

स्वतःच्या नावानं पहिलं गाणं २०२३ च्या दिवाळीत काढलं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, ते गाणं जिथे वाजेल तिथून त्याच क्रमांकावर हिशेब येतो. गायिका, गीतकार, संगीतकार या रकान्यांत नाव लिहिताना माझा हात तिन्ही ठिकाणी थांबला. बँडच्या पानावर आमचे काही हजार ऐकणारे होते. माझ्या पानावर पहिल्या आठवड्यात एकशे बारा. त्या एकशे बारांत बाई होत्या. त्यांनी फोन करून सांगितलं, "निषाद जरा चढा लागलाय, पण आवाज तुझा आहे."

तिकीट लावून पहिला कार्यक्रम केला तो २०२४ मध्ये, पुण्यात सुदर्शन रंगमंचावर. तिकीट लावायला मन धजत नव्हतं. ओळखीच्या लोकांना फुकट बोलवावं असंच वाटायचं. तेव्हा बाईंनी हिराबाई बडोदेकरांची आठवण काढली. हिराबाई जन्मल्या मिरजेतच, १९०५ मध्ये. बाईमाणसानं चारचौघांसमोर गाणं हेच जेव्हा लोकांना खुपायचं, त्या काळात तिकीट लावून जाहीर जलसा करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. "त्यांनी काय सोसलं असेल, आणि तुझा हात ऑनलाइनच्या बटणावर अडलाय," बाई म्हणाल्या. मी तिकीट लावलं. सभागृह पूर्ण भरलं नाही, शेवटच्या दोन रांगा रिकाम्या होत्या. जी आली होती त्या माणसांनी पैसे देऊन दीड तास एका गळ्यासाठी काढला होता. मी दिवे चढायच्या आधी विंगेत तंबोऱ्याच्या मण्यांवरून बोट फिरवत उभी होते, आणि पोटऱ्यांना किक ड्रमची हवा लागत नव्हती. तो अभाव अजून जाणवतो. त्याची सवय होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावी असंही वाटत नाही.

मागच्या जानेवारीत बँडचा कार्यक्रम ऐकायला गेले. त्यांना नवी गायिका मिळाली आहे, बावीस वर्षांची. तिचा आवाज मुळातच खालचा आहे. 'उंबऱ्या'चा मुखडा तिनं पांढरी तीनमध्ये घेतला आणि बासच्या वर तो स्वच्छ ऐकू आला. गर्दीत उभी राहून मी माझे शब्द ऐकले, आणि किक ड्रमची हवा थोडी इथवरही पोचत होती.

कार्यक्रम संपल्यावर ती धावत आली. "ताई, 'थांबले मी'नंतर श्वासाला जागाच नाही. तुम्ही कुठे घेत होतात?"

"घेतच नव्हते," मी म्हटलं. "एका दमात रेटायचे. तू नको रेटूस."

ड्रमर मागे केबल गुंडाळत होता. त्याला हाक मारली आणि म्हटलं, तिथे जागा भरायला तू जो तुकडा वाजवतोस तो एक मात्रा उशिरा सुरू कर. त्यानं माझ्याकडे पाहिलं. काठ्या बॅगेतून काढल्या, स्पीकरच्या खोक्यावर हळू ठेका धरला आणि तिला मानेनं खूण केली. तिनं ओळ धरली, 'उंबऱ्याशी थांबले मी', आणि त्यानं काठ्या वर उचलून धरल्या. तिनं श्वास घेतला.